शेणातील सुप्त शक्ती

खेड्यांतील पुष्कळ घरांच्या अंगणात गोवऱ्या थापलेल्या दिसतात. शेण घरचेच असते, त्याला दाम पडत नाही. म्हणून हे इंधन स्वस्त वाटते. वस्तुतः ते फार महाग आहे. गोवऱ्यांच्या उघड्या चुलीत जी उष्णता निर्माण होते, तिच्या दहा भागांपैकी जेमतेम एक भाग भांड्यातील अन्नाला मिळतो. उरलेली उष्णता नाहीशी होत नाही. शक्ती कधीच नाहीशी होत नसते. ती ज्वाळांबरोबर व धुराबरोबर भलतीकडे निघून जाते आणि माणसाच्या उपयोगी पडत नाही. यालाच शक्तीची नासाडी म्हणतात. शिवाय धुराने गृहिणीचे डोळे चुरचुरतात, छाती भरून येते. आणि शेताला मिळावयाच्या खताची राख होते.

मग शेण चुलीत घालावे की शेतात? या पेचातून शेणवायूचे संयंत्र शेतकऱ्याची सुटका करते.

त्यासाठी जमिनीत विहिरीसारखे खोल टाके बांधतात. शेण व पाणी समभाग घेऊन कालवतात आणि तो काला रोज टाक्यात सोडतात. तेथे हवेचा शिरकाव नसतो. हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू शेण कुजवितात व त्यातून वायू निघतो. त्यात निम्म्याहून अधिक भाग मिथेन या ज्वालाग्राही वायूचा असतो. टाक्यावर एक मोठे पिंप उपडे ठेवलेले असते. वायू साठला की ते वर उचलले जाते, खर्च झाला की खाली बसते. नळीवाटे हा वायू स्वयंपाकघरात नेला की शेगडीत निळी, धूररहित ज्योत जळू लागते. तिची निम्म्याहून अधिक उष्णता भांड्याला लागते. सुमारे २५ किलो शेणापासून एक घनमीटर वायू मिळतो. चार-पाच गुरांचे शेण एका कुटुंबाच्या स्वयंपाकाला पुरते. थंडीत मात्र जंतूंचे काम मंदावते व वायू कमी निघतो.

ही कल्पना अगदी नवी नाही. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून निघणाऱ्या वायूवर दिवे लावण्यात आले होते. पुढे १९५० नंतर जशभाई पटेल यांनी तरंगत्या पिंपाचे संयंत्र तयार केले व खादी ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला. पुण्याजवळील देहू गावी डॉ. मापुसकर यांनी शौचालये वायूच्या टाक्यांना जोडून दाखविली. गावाची घाण गेली आणि चुलीला इंधन मिळाले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर 'पद्मश्री' देण्यात आली.

वायू निघून गेल्यावर टाक्यातून जी रबडी बाहेर येते, ती उत्तम खत असते. कारण पिकाला हवा असलेला नायट्रोजन तिच्यातच राहतो. अशा रीतीने तेच शेण प्रथम चूल पेटविते आणि मग शेत पिकविते. गोवरी जाळली, तर यांपैकी एकच काम होते, आणि तेही अपुरे.