आधी आजीला फोन, मग मशीनला स्टार्टर!

गणपतीत किंवा मे महिन्यात गावी गेलात की हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, ‘एकदा मशीन लावून सगळं साफ करून टाकूया!’ मग सुट्टी संपते, परतीची गाडी येते आणि रान आणखी वाढतं. कुडाळजवळच्या आमच्या घराचंही असंच झालं होतं. घर नऊ वर्षं बंद. अंगणात माणसाच्या उंचीची रानमोडी, मागच्या दारी घाणेरी, आणि गडगा कुठे संपतो ते कुणालाच सांगता येईना. यंदा दिवाळीनंतर जमीन सुकली तेव्हा बाबा, काका आणि मी हट्टानेच कामाला लागलो.

पहिला प्रश्न, मोठी जेसीबी की मिनी एक्स्कॅव्हेटर? नेहमीची जेसीबी साधारण आठ टनांची, आमच्या पाणंदीत ती शिरलीच नसती. म्हणून दीड टनाचा मिनी बोलावला. रुंदी जेमतेम मीटरभर. चाकांऐवजी रबरी पट्टे असल्यामुळे वजन पसरतं, आणि केबिन जागच्या जागी गोल फिरते. दोन माडांच्या मधूनही तो आरामात निघाला. भाडं तासावर आणि ने-आणीचे पैसे वेगळे, त्यामुळे तुम्हीही कामं साठवून एकदाच बोलवा.

कोयत्याने तोडलेली रानमोडी पावसात बुंध्यापासून पुन्हा फुटते. मशीनचं बकेट तिला मुळासकट उपटतं. दुपारपर्यंत अंगण दिसायला लागलं. घरामागे वेलींचा एक मोठा ढीग होता. काका म्हणाले, ‘तोही काढून टाक.’ मी मजा म्हणून डोंबिवलीला आजीला व्हिडिओ कॉल लावला होता. ती एकदम ओरडली, ‘गो, थंय बाव आसा! तेका थांबव!’

ऑपरेटरदादाने लगेच मशीन बंद केलं. काठीने वेल बाजूला सारले, तर खाली खरंच विहीर! कठडा कधीच ढासळलेला, आत काळं पाणी. बाबा लहान असतानाच नवी विहीर खणली आणि ही सोडून दिली होती. मशीन तिच्यापासून चार हातांवर होतं. कुणी काही बोललंच नाही बराच वेळ.

तेव्हा आमच्यासारखं करू नका. मशीन येण्याआधी एवढं कराच:

घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला सोबत घेऊन जागा फिरा, नाहीतर फोनवर दाखवा. विहीर, पाइपलाइन, शोषखड्डा, मोजणीचे दगड, सगळ्यांभोवती चुन्याच्या फक्कीने खुणा करा.

सातबाऱ्यावरच्या सगळ्या हिस्सेदारांना विचारा. हद्दीचा दगड मिनिटभरात उपटला जातो, त्यावरून लागलेलं भांडण मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालतं.

आंबा, फणस, जांभूळ, किंजळ अशी झाडं १९६४च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. आधी वनविभागात विचारा.

जोत्याला लागून खणू नका. तिथे पाणी मुरलं की जुन्या मातीच्या बांधकामाच्या भिंती खचतात.

साप दिसला तर काम थांबवा आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

आणि मशीनच्या हाताच्या टप्प्यात उभं राहू नका. रीलसाठी तर नाहीच नाही!

आम्ही ढिगाऱ्यातून निघालेले जांभ्याचे चिरे फेकले नाहीत, वेगळे रचून ठेवले. पुढच्या आठवड्यात गवंड्याने त्यातूनच विहिरीला नवा कठडा बांधला. आजीला फोटो पाठवला. वाटलं, अंगण बघून खूश होईल. तिने फोटो मोठा करून बघितला आणि एवढंच विचारलं, ‘पाणी आसा मां?’

आहे. मे महिन्यात तिला घेऊन जातोय.