आंधळी खाण : एक चिनी बोलपट

चिनी बोलपट म्हटला कीं आपल्याकडील प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढें तलवारींचे खणखणाट आणि उंच उड्या उभ्या राहतात. आज ज्या बोलपटाविषयीं बोलावयाचें आहे त्यांत यांपैकीं कांहीं नाहीं. ली यांग या दिग्दर्शकाच्या २००३ सालच्या या मँडारिन चित्राच्या नांवाचा अर्थ 'आंधळी खाण' असा आहे. गुन्हा आरंभींच आपल्यासमक्ष घडतो; गुन्हेगार कोण हें शोधण्याचें कामच उरत नाहीं.

सोंग आणि तांग हे दोघे भामटे. कामधंद्याच्या शोधांत घर सोडून आलेला एखादा खेडूत त्यांनीं हेरावा, आपला आप्त म्हणून त्यास कोळशाच्या खाणींत चिकटवून द्यावा, आणि कांहीं दिवसांनीं जमिनीच्या पोटांत त्याचा जीव घेऊन अपघाताचा बनाव करावा. मग मालकापुढें गळा काढून नुकसानभरपाई मागावयाची. मृत मनुष्य कागदोपत्रीं त्यांचाच भाऊ; त्याच्या खऱ्या घरीं वार्ता पोंचणार कशी?

आतां मालक पोलिसांना कां बोलावीत नाहीं? चौकशी त्यालाही नको असते, हें त्याचें उत्तर. अपघात सरकारदरबारीं नोंदला गेला तर खाणीस टाळें लागावयाचें. त्यापेक्षां घासाघीस करून मुडद्याची किंमत ठरवावी आणि आप्तांना वाटेस लावावें, हें स्वस्त पडतें. भामट्यांचा सारा धंदा या एका हिशेबावर उभा आहे. माझ्या मतें चित्रांतील खरा भयंकर प्रसंग खुनाचा नसून या घासाघिशीचा आहे. २००२ या एका वर्षांत चीनमधील कोळशाच्या खाणींत सुमारें ७,००० माणसें दगावल्याचा सरकारी आंकडा आहे. दडपलेले मृत्यू त्यांत येणार कोठून?

मूळ कथा ल्यू छिंगबांग यांची. हे लेखक तरुणपणीं स्वतः खाणकामगार होते व पुढें कोळसा-व्यवसायाच्या वृत्तपत्रांत काम करीत. ली यांग यांनीं चित्रपटकलेचें शिक्षण जर्मनींत घेतलें. सरकारी परवानगीच्या वाटेस न जातां त्यांनीं छायालेखकासह प्रत्यक्ष खाणींत उतरून चित्रण केलें. पार्श्वसंगीताची फोडणी कोठेंही नाहीं; अंधारांत हालणारे टोप्यांवरचे दिवे तेवढे दिसतात.

दुसरें सावज म्हणून सांपडतो तो सोळा वर्षांचा एक मुलगा. बाप कामासाठीं गेला तो परतला नाहीं. बहिणीच्या शाळेची फी भरावयाची आहे. ही भूमिका करणारा वांग बाओछिआंग हेबै प्रांतांतील शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणीं शाओलिन येथें युद्धकला शिकून तो बीजिंगला आला आणि मिळेल तें काम करीत राहिला. पुढें तो चीनचा मोठा नट झाला, परंतु येथील त्याचा निरागस चेहरा अभिनयाचा वाटतच नाहीं. सोंगही आपल्या मुलाच्या शिक्षणासाठीं घरीं पैसे धाडीत असतो. या पोराचा बाप आपणच तर मारला नाहीं, ही शंका त्याला येते आणि त्याचा हात अडखळतो. मारण्यापूर्वीं पोराला जगाचें थोडें सुख चाखूं द्यावें, अशा सबबी तो सांगूं लागतो. शेवटीं दोघे भामटे एकमेकांवर उलटतात व खाणींतच मरतात. खोटा पुतण्या म्हणून आणलेल्या मुलासच मग आप्त म्हणून भरपाई घ्यावी लागते. हा शेवट कोणास जुळवून आणलेला वाटेल. मला मात्र तो त्या हिशेबाचाच पुढचा आंकडा वाटतो.

बर्लिनच्या महोत्सवांत २००३ सालीं या चित्रास रौप्य अस्वलाचें पारितोषिक मिळालें. तैवानच्या सुवर्ण अश्व पारितोषिकांत वांग त्याच वर्षीं उत्कृष्ट नवोदित नट ठरला. चीनमध्यें मात्र चित्रगृहांत तें लागूं दिलें गेलें नाहीं. २०१६ सालीं अंतर्मंगोलियांत ७४ जणांवर आरोपपत्र ठेवण्यांत आलें: १७ मजुरांचे खून करून ते खाणींतील अपघात म्हणून दाखविणें आणि भरपाई उकळणें. वृत्तपत्रांनीं या खुनांचें वर्णन करतांना याच बोलपटाचें नांव वापरलें.