उत्पादक कंपनीची ऑनलाइन नोंदणी : पेरणीनंतरची निगाही महत्त्वाची

खते-बियाणे एकत्र घ्यावीत, मालाची प्रतवारी करून तो एकत्र विकावा, या हेतूने गावोगाव शेतकरी उत्पादक कंपन्या उभ्या राहत आहेत. डॉ. वाय. के. अलघ समितीच्या शिफारशींनुसार 2002 च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात ही सोय झाली. सध्या 2013 च्या कायद्यातील प्रकरण 21-अ या कंपन्यांना लागू आहे.

नोंदणीत काय बदलले ?

पूर्वी कागदांचे गठ्ठे घेऊन कंपनी निबंधकांच्या कार्यालयात खेपा घालाव्या लागत. 2006 मध्ये केंद्राने 'एमसीए-21' ही संगणकीय पद्धत सुरू केली. फेब्रुवारी 2020 पासून 'स्पाइस प्लस' या एकाच ऑनलाइन अर्जात नाव, नोंदणी, पॅन व टॅन ही कामे होतात. 15 लाख रुपयांपर्यंतच्या अधिकृत भागभांडवलास नोंदणी शुल्क नाही. मात्र नाव राखून ठेवण्याचे शुल्क व राज्याचे मुद्रांक शुल्क भरावे लागते.

पूर्वतयारी

1. किमान 10 उत्पादक शेतकरी सभासद व किमान 5 संचालक असावेत.
2. शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून सातबारा उतारा तयार ठेवावा. आधार, पॅन व सातबारावरील नावात फरक असल्यास तो आधी दुरुस्त करून घ्यावा.
3. कार्यालयाच्या जागेचे अलीकडील वीजबिल व जागामालकाचे संमतीपत्र घ्यावे.
4. अर्जासाठी लागणाऱ्या डिजिटल स्वाक्षऱ्या काढून घ्याव्यात.

खरी अडचण नोंदणीनंतर

हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेवर बोलण्यासाठी मी एका गटाकडे गेलो होतो. बीजप्रक्रिया बाजूलाच राहिली. बँकेने कर्ज नाकारले म्हणून सारे चिंतेत होते. दोन वर्षांची विवरणपत्रे भरलेलीच नव्हती. नोंदणी करून देणाऱ्या सल्लागाराने अर्जात स्वतःचाच ई-मेल व मोबाईल दिला होता. सूचना त्याच्याकडे जात होत्या. संचालकांच्या डिजिटल स्वाक्षऱ्याही त्याच्याच कपाटात होत्या. पेरणी झाली, पण शेताकडे कोणी फिरकलेच नाही, अशी ती गत होती.

कार्यालयात पूर्वी विनंती करता येई. संगणक मात्र दिवस मोजत राहतो. ताळेबंद व वार्षिक विवरण या दोन फॉर्मना उशीर झाल्यास प्रत्येकी दररोज 100 रुपये जादा शुल्क लागते. दोन्ही फॉर्म एक वर्ष थकले तर ही रक्कम 73,000 रुपये होते. सलग तीन वर्षे विवरण न भरल्यास संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. 2017 मध्ये निष्क्रिय ठरलेल्या 2 लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढली गेली, हे विसरू नये.

एवढे अवश्य करावे

1. अर्जात कंपनीचाच ई-मेल व संचालकाचाच मोबाईल द्यावा. पासवर्ड व डिजिटल स्वाक्षरी आपल्या ताब्यात ठेवावी.
2. पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा नोंदणीपासून 90 दिवसांत घ्यावी.
3. भागभांडवल बँकेत जमा करून व्यवसाय सुरू केल्याची घोषणा 180 दिवसांत दाखल करावी.
4. लेखापरीक्षकाची नेमणूक वेळेवर करावी व त्याचे मानधन दरवर्षीच्या अंदाजपत्रकात धरावे.
5. मुदतीच्या तारखा कार्यालयाच्या भिंतीवर ठळक लिहाव्यात.

सभासदांसाठी

नोंदवही ऑनलाइन झाल्याचा मोठा लाभ सामान्य सभासदाला आहे. कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकून तिची सद्यस्थिती, शेवटच्या सर्वसाधारण सभेची व ताळेबंदाची तारीख विनामूल्य पाहता येते. भाग घेण्यापूर्वी ती पाहावी. सभासद असाल तर वर्षातून एकदा तरी तपासावी आणि तारीख जुनी दिसल्यास सभेत विचारावे. उत्पादक कंपनीत प्रत्येक सभासदाला, भाग कितीही असोत, एकच मत असते. तेव्हा दोन भाग घेतलेल्या सभासदानेही विचारण्यास संकोच करू नये. कंपनी आपली आहे. तिची निगाही आपणच राखावयाची आहे.