दात पेशंटचे, मान डॉक्टरांची

मोठ्या माणसानं तोंड पूर्ण उघडलं, तरी वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये जेमतेम ४ ते ५ सेंटीमीटर जागा होते. तेवढ्यातून डेंटिस्टला आरसा, हँडपीस, लाळ ओढणारी नळी आणि स्वतःची नजर असं सगळं आत न्यायचं असतं. जीभ मध्ये येते, गाल आड येतो, दिव्याचा उजेड शेवटच्या दाढेपर्यंत धड पोचत नाही. पण कामात अर्ध्या मिलिमीटरची चूकही महागात पडते. अशा वेळी सगळ्यात आधी तडजोड करते ती डॉक्टरांची मान. ती पुढे झुकते, बाजूला कलते, जराशी वळते आणि दाढ दिसली की तिथंच थांबते.

ही तडजोड वर्षानुवर्षं रोज होत राहते. डेंटिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या दुखण्यांविषयी जगभरात झालेल्या पाहण्यांचा एक आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्नायू आणि सांध्यांच्या दुखण्याची तक्रार करणाऱ्यांचं प्रमाण त्यातल्या निरनिराळ्या पाहण्यांत ६४ ते ९३ टक्के होतं. एके काळी दातांचं काम उभ्यानं चाले. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात डॉक्टर स्टुलावर बसले, पेशंट आडवा झाला, शेजारी असिस्टंट आला. पायांना आराम मिळाला, पण मान, खांदे आणि कंबर यांची सुटका झाली नाही.

कारण साधं आहे. माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं. ताठ बसल्यावर हे वजन मणक्यांच्या ओळीवर येतं. डोकं पुढे झुकलं की ते तोलून धरण्याचं काम मानेच्या मागच्या स्नायूंवर पडतं. न्यूयॉर्कमधले मणक्यांचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकावर याचं गणित मांडलं. मान ३० अंशांत झुकली, तर तिच्या मणक्यांवर सुमारे १८ किलोचा आणि ६० अंशांत झुकली, तर सुमारे २७ किलोचा भार येतो, असं त्यातून निघालं. हे प्रतिकृतीवरून काढलेले आकडे आहेत, जिवंत माणसाच्या मानेत मोजलेले नव्हेत. पण भार कसा वाढत जातो, याचा अंदाज त्यावरून येतो.

कोनाइतकाच महत्त्वाचा असतो वेळ. भरलेली बादली नळापासून मोरीपर्यंत नेणं जड जात नाही. तीच हातात धरून पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं म्हटलं की खांदा भरून येतो. स्नायू आकसतो आणि सैल पडतो, तेव्हा त्यातून रक्त खेळतं. तो आकसलेलाच राहिला, तर आतल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायू कमी पोचतो आणि स्नायू थकतो. रूट कॅनाल करताना मान फार हलत नाही, आणि दुखण्याचं मूळ या न हलण्यातही असतं.

मग हे मोजायचं कसं? डॉक्टरांना विचारावं, तर दुखणं कळतं, कोन कळत नाही. म्हणून १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या लिन मॅकअ‍ॅटम्नी आणि नायजेल कॉर्लेट यांनी ‘रुला’ नावाची पद्धत मांडली. निरीक्षक काम करणाऱ्याकडे पाहतो, हात, मनगट, मान, पाठ आणि पाय यांच्या स्थितीला गुण देतो आणि शेवटी १ ते ७ मधला एक आकडा काढतो. मान २० अंशांपेक्षा जास्त झुकली की गुण वाढतात, एकच स्थिती मिनिटापेक्षा जास्त टिकली की आणखी एक गुण चढतो. १ किंवा २ आले तर ठीक. ७ आले तर कामाची पद्धत ताबडतोब बदला, असा त्याचा अर्थ.

पद्धत चांगली, पण पाहणारा कोणता क्षण निवडतो, यावर निकाल अवलंबून. दवाखान्यात तर मध्ये दिवा येतो, असिस्टंट येतो. कॅमेऱ्यालाही मान नीट दिसत नाही. शिवाय कोणी पाहतंय म्हटल्यावर माणूस आपोआप ताठ बसतो.

ही अडचण अंगावर लावायच्या सेन्सरनं बरीच कमी केली. काडेपेटीएवढ्या किंवा त्याहून लहान डबीत तीन उपकरणं असतात. अ‍ॅक्सेलरोमीटरमध्ये सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तरंगत ठेवलेला असतो. डबी कलली की गुरुत्वाकर्षणामुळे तो किंचित सरकतो आणि त्यावरून कल कळतो. जायरोस्कोप वळण्याचा वेग सांगतो. मॅग्नेटोमीटर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा धरून ठेवतो. ही तिन्ही आज बऱ्याच स्मार्टफोनमध्येही असतात. अशी एक डबी डोक्याला पट्ट्यानं बांधली आणि दुसरी पाठीच्या वरच्या भागावर लावली, तर दोन्हींच्या कोनांतल्या फरकावरून मान किती झुकली ते सेकंदाला अनेकदा नोंदवता येतं. पूर्ण शरीराची हालचाल टिपणाऱ्या काही पोशाखांत असे १७ सेन्सर असतात.

यातही फसगत होते. जायरोस्कोपची बारीकशी चूक क्षणाक्षणाला साठत जाते, आणि तासाभरानं स्थिर मानही वळलेली दिसू शकते. मॅग्नेटोमीटरला डेंटल चेअरमधलं लोखंड आणि मोटारी चकवतात. म्हणून संगणक तिन्ही उपकरणांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहतो आणि एकाची चूक दुसऱ्याच्या आधारे दुरुस्त करतो. सुरुवातीला डॉक्टरांना ठरावीक पद्धतीनं सरळ उभं करून ‘शून्य’ ठरवावं लागतं. ते चुकलं किंवा पट्टा सरकला, तर पुढचे सगळे आकडे वाया जातात.

स्वीडनमधल्या लुंड इथल्या संशोधकांनी १९९७ मध्येच महिला डेंटिस्टांच्या मान, खांदे आणि मनगटांवर येणारा भार उपकरणांनी मोजला होता. पुढे जर्मनीत हे काम वाढलं. तिथल्या अपघात विमा यंत्रणेच्या, झांक्ट ऑगुस्टिनमधल्या संस्थेनं कामावरच्या माणसाच्या अंगावर लावायची ‘कुएला’ ही मोजणी प्रणाली तयार केली. फ्रँकफर्टच्या गोएथे विद्यापीठातल्या गटानं डेंटिस्टांच्या हालचाली अशा सेन्सरनी नोंदवल्या आणि प्रत्येक क्षणाच्या कोनांवरून रुलाचा गुण संगणकाकडून काढून घेतला. त्यामुळे क्षण निवडण्याचा प्रश्नच राहिला नाही. एका आकड्याऐवजी सबंध उपचाराचा आलेख हाती आला.

त्यातून दिसलेल्या दोन गोष्टी विचार करायला लावणाऱ्या आहेत. एक, धोका दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांमध्येच दिसू लागतो. डॉक्टर पन्नाशीला येईपर्यंत तो वाट पाहत नाही. दुसरी, हत्यारांचा ट्रे उजवीकडे ठेवा, मागे ठेवा किंवा पेशंटच्या छातीवर आणा, मांडणी बदलून धोका नाहीसा होत नाही. वाकायला लावते ती नजर. दाढ जिथून दिसेल तिथं डोळा जातो आणि मान त्याच्या मागोमाग.

म्हणून उपायही नजरेपासूनच सुरू व्हायला हवेत. वरच्या दाढांसाठी पेशंटला पूर्ण आडवं करावं, हनुवटी वर घ्यायला सांगावी. दात थेट पाहण्याचा हट्ट सोडून आरशात पाहून काम करण्याची सवय शिकतानाच लावावी. चष्म्यावर बसवायचे लूप्स घेताना ते किती मोठं दाखवतात, याबरोबर त्यांच्या भिंगांचा खाली पाहण्याचा कोनही बघावा. तो अपुरा असेल तर महागडे लूप्सही मान खालीच ओढतात. आणि दोन पेशंटच्या मध्ये मिनिटभर मान मागे न्यावी, खांदे फिरवावेत.

मान झुकली की लगेच इशारा देणारे सेन्सरही आहेत. थायलंडच्या थम्मासात विद्यापीठात दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांवर अशी प्रणाली वापरून पाहिली गेली. शिकणाऱ्यांसाठी ती उपयोगी आहे. पण ड्रिल दातावर टेकलेलं असताना मध्येच आलेला इशारा उपयोगाचा कमी आणि व्यत्ययाचा जास्त ठरू शकतो. शिवाय थोड्या दिवसांनी त्याकडे कानाडोळा करायचीही सवय लागते. काम संपल्यावर आलेख पाहणं, एक बदल करणं आणि पुन्हा मोजून तो लागू पडला का ते तपासणं अधिक शहाणपणाचं.

सेन्सर मान सरळ करत नाही. कुठं, किती आणि किती वेळ वाकली, एवढंच तो सांगतो. दंतवैद्यकाच्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना पहिला पेशंट देतानाच ही मोजणी करून दाखवावी, गुण कापण्यासाठी नव्हे तर शिकवण्यासाठी. आणि यातला एक उपाय पेशंटच्या हातात आहे. डॉक्टरांनी ‘मान जरा माझ्याकडे वळवा’ किंवा ‘हनुवटी वर करा’ म्हटलं, तर संकोच न करता नीट वळवा. पेशंटची मान जितकी वळेल, तितकी डॉक्टरांची मान कमी वाकेल.