वर्दीवरून परतल्यावर

२ जून २०२३ च्या संध्याकाळी ओडिशात बालासोरजवळ कोरोमंडल एक्स्प्रेसचा अपघात झाला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्यांनी ४४ जणांना बाहेर काढलं आणि १२१ मृतदेह उचलले. चारच दिवसांनी दिल्लीतल्या एका परिषदेत दलाचे तेव्हाचे महासंचालक अतुल करवाल यांनी जे सांगितलं, ते सरकारी भाषणांत सहसा ऐकू येत नाही. तिथून परतलेल्या एका जवानाला पाणी दिसलं की ते रक्त वाटतं, दुसऱ्याची भूकच मेली आहे. अशा जवानांसाठी समुपदेशन सुरू असल्याचंही ते म्हणाले.

एवढ्या वरच्या अधिकाऱ्याने हे उघड बोलणं मला समुपदेशनाइतकंच मोलाचं वाटतं. शौर्याचं कौतुक करण्यात आपण कमी पडत नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. प्रश्न जिवंत परतलेल्यांचा आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर जायला गाडीरस्ता नाही, यंत्रं चढवता येईनात. चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. ज्याने फावड्याने आणि हाताने तो चिखल उपसला, त्याच्या मनातून ती ५७ माणसं शोध थांबवण्याच्या आदेशाने जात नाहीत. आणि त्याला पुढची वर्दी यायची असतेच. हा घाव बहुधा एकाच भयंकर प्रसंगाचा नसतो, तो साचत जातो. मग झोप उडते, तेच दृश्य पुन्हा पुन्हा समोर येतं, घरात चिडचिड होते, पुष्कळदा बाटली जवळची वाटू लागते. साहेबांना सांगावं तर ड्युटी बदलेल, बढती अडेल ही धास्ती.

या बाबतीत कॅनडाकडून शिकण्यासारखं आहे. तिथे पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, तुरुंग अशा सेवांतल्या ५,८१३ जणांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. ४४.५ टक्क्यांमध्ये कुठल्या ना कुठल्या मानसिक विकाराची लक्षणं आढळली. पाहणीत लोक आपणहून उतरले होते, त्यामुळे आकडा थोडा सांभाळूनच घ्यावा. पण सरकार नुसतं आकडे मोजत बसलं नाही. २०१८ मध्ये संसदेने आघातोत्तर ताणविकाराबाबत (पीटीएसडी) राष्ट्रीय आराखड्याचा कायदा केला, २०१९ मध्ये केंद्राचा कृती आराखडा आला, आणि रेजायना विद्यापीठातून या कर्मचाऱ्यांना इंटरनेटवरून विनामूल्य उपचार मिळू लागले.

माझ्या मते खरी कळ आहे ती ऑन्टारियो प्रांताच्या २०१६ च्या कायद्यात. पोलीस, फायरमन, रुग्णवाहिकेवरचा कर्मचारी किंवा नियंत्रण कक्षात फोन घेणारा, यांच्यापैकी कुणाला मनोविकारतज्ज्ञाने किंवा मानसशास्त्रज्ञाने आघातोत्तर ताणविकार असल्याचं निदान केलं, तर तो कामामुळेच झाला असं कायदा गृहीत धरतो. भरपाई आणि उपचार मिळवण्यासाठी ‘कुठल्या तारखेच्या कुठल्या प्रेतामुळे?’ हे सिद्ध करत बसावं लागत नाही. तसं नाही असं म्हणणं असेल तर ते दाखवून द्यावं लागतं समोरच्याला. अल्बर्टाने हे २०१२ मध्येच केलं होतं. अमेरिकेनेही २०२२ मध्ये कर्तव्यातून आलेला हा विकार आणि त्यातून घडलेली आत्महत्या केंद्रीय लाभांच्या कक्षेत आणली.

आपल्याकडे व्यावसायिक आजारांच्या कायदेशीर यादीत शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे. मनाचा आजार नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा पोलिसांवर मनोरुग्णाला संरक्षण देण्याची जबाबदारी टाकतो, त्यासाठी त्यांच्या प्रशिक्षणाचंही बोलतो. त्या पोलिसाच्या स्वतःच्या मनासाठी मात्र त्यात वेगळी तरतूद नाही.

महाराष्ट्राला हे अशक्य नाही. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला, आणि त्याची आखणी एका शिपायाने केलेली होती. पुरेशी झोप हा मनाच्या आरोग्याचा पहिला उपाय. बंदोबस्तात तोच आधी हातचा जातो. सैन्यदलासाठी ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ ला सुरू झाला. तसाच कक्ष राज्याने पोलीस, अग्निशमन आणि १०८ रुग्णवाहिकांवरच्या डॉक्टर-चालकांसाठी उभारावा. तिथला शब्द सेवापुस्तिकेत उतरणार नाही याची लेखी हमी द्यावी, कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही तीच सोय द्यावी, आणि ऑन्टारियोसारखं गृहीतक नियमांत आणावं. समुपदेशनाची शिबिरं चांगलीच; पण ती साहेबांच्या मर्जीवर चालतात, आणि साहेब बदलतात.

तोवर, तुमच्या घरात किंवा शेजारी असा कुणी असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये घालून द्या. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.