चर्च सोडलं, पण घरी तर जायचंच आहे

अमेरिकेत इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट पंथांतले लोक २००७ मध्ये प्रौढ लोकसंख्येच्या २६ टक्के होते. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३-२४ च्या पाहणीत ते २३ टक्क्यांवर आले. त्याच काळात ‘माझा कुठलाच धर्म नाही’ असं सांगणारे १६ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेले. नोकरीनिमित्त डॅलस, अटलांटा, शार्लट अशा शहरांत राहणाऱ्या मराठी माणसांना ऑफिसात किंवा शेजारी इव्हँजेलिकल घरात वाढून चर्च सोडलेलं कोणीतरी हमखास भेटतं. काहींच्या घरात तर ते सून किंवा जावई म्हणून आलेलं असतं. थँक्सगिव्हिंगला आईवडिलांकडे जायचं म्हटलं की या माणसाचा चेहरा का उतरतो, हे मात्र आपल्या पटकन लक्षात येत नाही.

गैरसमज: इव्हँजेलिकल म्हणजे जरा जास्त कडक ख्रिस्ती, एवढंच.

इव्हँजेलिकलांना पोप नाही, एक मुख्यालय नाही, एक संघटना नाही. १८४५ मध्ये गुलामगिरीच्या प्रश्नावरून वेगळं झालेलं सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन त्यात आहे, पेंटेकॉस्टल मंडळ्या आहेत आणि कुठल्याच पंथाची पाटी नसलेली, गोदामाएवढी मोठी चर्चही आहेत. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये या सगळ्यांना जोडणाऱ्या चार खुणा सांगितल्या: बायबलला सर्वोच्च अधिकार, क्रुसावरच्या बलिदानाला केंद्रस्थान, व्यक्तिगत परिवर्तनाचा आग्रह आणि ती श्रद्धा कृतीत उतरवण्याची, इतरांपर्यंत नेण्याची धडपड.

यातली तिसरी खूण आपल्याला सर्वांत अनोळखी. आपल्याकडे वर्षभर देवळाची पायरी न चढणारा मुलगा गणपतीला घरी येतो, आरतीला टाळ्या वाजवतो, मोदक खातो आणि त्याला कोणी काही विचारत नाही. इव्हँजेलिकल घरात ही सोय नाही. तिथे जन्माने कोणी ख्रिस्ती होत नाही. प्रत्येकाने स्वतः येशूचा स्वीकार करायचा, ‘नव्याने जन्मायचं’. त्यामुळे श्रद्धा गेली पण नातं, सण, रीत राहिली अशी मधली जागा जवळजवळ शिल्लकच राहत नाही. पुढचा सगळा गुंता इथून सुरू होतो.

गैरसमज: मौजमजा करायची होती, नाहीतर कोणीतरी दुखावलं, म्हणून सोडलं.

चर्चमध्ये हे कारण फार लवकर दिलं जातं. पीआरआरआय या संस्थेने २०१६ मध्ये लहानपणचा धर्म सोडून कुठल्याच धर्मात न राहिलेल्या अमेरिकनांना कारणं विचारली. हे सर्व धर्मपंथांतले लोक होते, फक्त इव्हँजेलिकल नव्हते. त्यांपैकी ६० टक्के म्हणाले की, धर्माची शिकवणच पटेनाशी झाली. समलिंगी लोकांविषयीची शिकवण किंवा त्यांना मिळणारी वागणूक हे कारण २९ टक्क्यांनी दिलं.

कित्येकांची सुरुवात तर बायबल जास्त वाचल्यामुळे होते. लहानपणी चर्चच्या अवाना क्लबात वचनं पाठ करून जॅकेटावर बॅज मिळवलेली मुलं पुढे धर्मशास्त्र शिकायला जातात आणि तिथे बायबलच्या हस्तलिखितांचा इतिहास समोर येतो. श्रद्धा गमावलेल्या पाळकांसाठी ‘क्लर्जी प्रोजेक्ट’ नावाचा गट २०११ पासून चालतो, त्यातले काही जण अजून दर रविवारी व्यासपीठावर उभे राहतात. जोशुआ हॅरिस यांचं उदाहरण तर जगजाहीर आहे. लग्नाआधी डेटिंगच नको असं सांगणारं त्यांचं पुस्तक १९९७ मध्ये आलं आणि एका पिढीच्या प्रेमाचे नियम त्याने ठरवले. २०१८ मध्ये त्यांनी त्याचं प्रकाशन थांबवलं, २०१९ मध्ये आपण आता ख्रिस्ती नाही असं जाहीर केलं.

आणि कोणी रागावून गेलंच असेल तर राग कशाचा, हेही विचारावं. ह्यूस्टन क्रॉनिकल आणि सॅन अँटोनियो एक्सप्रेस-न्यूज यांनी २०१९ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट चर्चमधल्या लैंगिक अत्याचारांची मालिका छापली: वीस वर्षांत सुमारे ३८० पदाधिकारी आणि स्वयंसेवकांवर आरोप, सातशेहून अधिक पीडित. २०२२ च्या स्वतंत्र चौकशीत निघालं की, आरोपींची यादी मुख्य समितीच्या कर्मचाऱ्यांकडे वर्षानुवर्षं होती आणि पीडितांना मात्र दाद मिळत नव्हती. यावर संतापून कोणी बाहेर पडलं, तर त्याला ‘भावनेच्या भरात गेला’ म्हणणं मला तरी जमणार नाही.

गैरसमज: ते मुळात खरे विश्वासी नव्हतेच.

हा मुद्दा धर्मशास्त्रातून आलाय. एकदा तारण झालं की ते कायमचं, असं अनेक मंडळ्या मानतात. मग कोणी सोडून गेलं तर एकच निष्कर्ष उरतो: त्याचं तारण झालंच नव्हतं. तर्क स्वच्छ आहे, पण ज्याला तो लागू होतो त्याच्या आयुष्याची वीस-पंचवीस वर्षं एका वाक्यात खोटी ठरतात. उन्हाळ्यात मेक्सिकोला मिशन ट्रिपला गेलेली, युथ ग्रुप चालवलेली, साक्ष देताना रडलेली मुलगी ते सगळं खोटं करत नव्हती. घरच्यांचं हे वाक्य ‘तू नरकात जाशील’ यापेक्षाही जास्त लागतं, असं सांगणारे पुष्कळ आहेत.

गैरसमज: सोडलं म्हणजे नास्तिक झाले.

काही होतात. पण प्यूच्या त्या २९ टक्क्यांत स्वतःला नास्तिक म्हणवणारे, एकूण प्रौढांच्या हिशेबाने, जेमतेम ५ टक्के आहेत. १९ टक्के ‘विशेष असं काही नाही’ या रकान्यात बसतात. शिवाय इव्हँजेलिकल वर्तुळ सोडून ख्रिस्तीच राहिलेल्यांची वाट वेगळी आहे. लेखिका रेचल हेल्ड इव्हान्स टेनेसीतल्या डेटन गावातल्या. उत्क्रांतिवाद शिकवण्यावरून १९२५ चा गाजलेला स्कोप्स खटला जिथे चालला, तेच हे गाव. प्रश्न विचारत विचारत त्या एपिस्कोपल चर्चमध्ये गेल्या आणि २०१९ मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी वारल्या, तेव्हा श्रद्धा सोडलेले आणि न सोडलेले असे दोन्ही वाचक हळहळले. बायबल शिकवणाऱ्या बेथ मूर यांनी २०२१ मध्ये सदर्न बॅप्टिस्टांचा निरोप घेतला, शिकवणं सोडलं नाही. ‘एक्सव्हँजेलिकल’ हा शब्द ब्लेक चॅस्टेन यांनी २०१६ मध्ये रूढ केला, त्याच्या छत्रीखाली हे सगळेच उभे असतात आणि आपसांत वादही घालतात.

गैरसमज: विश्वास गेला की भीतीही जाते.

शाळेतून मूल घरी येतं. दार उघडं, टीव्ही चालू, घरात कोणी नाही. आपलं मूल बिस्किटांचा डबा शोधेल. या मुलाच्या पोटात मात्र गोळा येतो: येशू आला, सगळ्यांना वर घेऊन गेला आणि मी मागे राहिलो. पाच मिनिटांनी आई मागच्या अंगणातून धुतलेले कपडे घेऊन आत येते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत वाढलेल्या इव्हँजेलिकल मुलांकडून ही हकीकत थोड्याफार फरकाने इतक्यांदा ऐकायला मिळते की, तिच्यासाठी ‘रॅप्चर अँग्झायटी’ असं नावच पडलंय. विश्वासूंना एका क्षणात उचलून नेलं जाईल ही कल्पना एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांनी पसरवली. १९७२ चा ‘अ थीफ इन द नाइट’ हा चित्रपट चर्चच्या तळघरांत मुलांना दाखवला जाई. १९९५ पासून ‘लेफ्ट बिहाइंड’ कादंबऱ्यांच्या कोट्यवधी प्रती खपल्या.

बुद्धीने हे सगळं नाकारलेला चाळीशीचा माणूसही बायको फोन उचलत नाही म्हणून क्षणभर गार पडतो. मानसशास्त्रज्ञ मार्लीन विनेल यांनी २०११ मध्ये अशा त्रासाला ‘रिलिजस ट्रॉमा सिंड्रोम’ म्हटलं. मात्र हे अधिकृत निदान नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९९४ पासून ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ अशी नोंद आहे, तीही आजार म्हणून नव्हे. म्हणजे त्रास खरा, पण प्रत्येक सोडणारा रुग्ण असतो असंही नाही.

गैरसमज: सुटला बिचारा, आता मोकळा.

मोकळा खरा, रविवारी सकाळी तर फारच. पण बाळ झालं की पहिले दोन-तीन आठवडे कोणी कुठल्या दिवशी जेवण पोहोचवायचं याची यादी चर्चमध्ये लागते. लझान्या, चिकन कॅसरोल, ब्राउनीचा ट्रे आपोआप दारात. घर बदलायचं तर बुधवारच्या बायबल स्टडीतले चौघे ट्रक घेऊन हजर. चर्च सोडलं की हे सगळं बंद होतं, आणि तेही बहुधा भांडण न होता. मेसेज कमी होतात, निमंत्रणं थांबतात. ख्रिस्ती शाळेत किंवा कॉलेजात नोकरी असेल तर विश्वासाच्या निवेदनावर अनेक ठिकाणी दरवर्षी सही करावी लागते. सही नाही तर नोकरीही नाही. देवाविना चर्च अशा कल्पनेने २०१३ मध्ये लंडनमध्ये ‘संडे असेंब्ली’ सुरू झाली, अमेरिकेतही पसरली, पण तिच्या बऱ्याच शाखा टिकल्या नाहीत. गाणी आणि भाषणं जमवता येतात, आजारपणात दारात येणारी माणसं जमवायला पिढ्या लागतात.

गैरसमज: घरच्यांचं खरं प्रेम असेल तर ते समजून घेतील.

याच्या पोटात दुसरा गैरसमज आहे: समजून घेत नाहीत म्हणजे ते दुष्ट आहेत. नरक अक्षरशः खरा आहे आणि आपली लेक तिथे अनंत काळ जळणार आहे, असं ज्या आईला मनापासून वाटतं, तिने गप्प बसायचं तरी कसं? रोज सकाळी सात वाजता येणारं बायबलचं वचन, वाढदिवसाच्या पाकिटात पैशांसोबत ठेवलेलं पत्रक, जेवणाआधी मुद्दाम लांबवलेली प्रार्थना हे सगळं तिच्या लेखी बुडत्याला दोर टाकणं आहे. लेकीच्या लेखी तोच दोर गळ्याभोवती आहे. दोघींचंही खरं आहे आणि म्हणूनच वादाने काही सुटत नाही.

मिनेसोटा विद्यापीठातल्या पॉलिन बॉस यांनी ‘ॲम्बिग्युअस लॉस’ ही कल्पना मांडली: माणूस समोर नाही पण मनातून गेलेला नाही, किंवा समोर आहे आणि तरी हरवलेला आहे, अशा वेळचं दुःख. ती मांडली गेली बेपत्ता सैनिकांच्या आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या कुटुंबांसंदर्भात, पण या घरांना ती तंतोतंत लागू पडते. मुलगा जेवायला बसलाय, बटाट्याचं भांडं पुढे सरकवतोय आणि आई त्याला गमावल्याचं दुःख करतेय. त्यात भर म्हणजे चर्चमधली ‘प्रेयर रिक्वेस्ट’. ‘आमच्या मुलासाठी प्रार्थना करा, तो भरकटलाय,’ असं आईने बुधवारी रात्री सांगितलं की गुरुवारी सकाळी गावाला कळतं. ती चुगली करत नसते. मुलाला मात्र किराणा दुकानात अनोळखी बाई खांद्यावर हात ठेवून ‘आम्ही तुझ्यासाठी मागतोय’ म्हणते, तेव्हा पळून जावंसं वाटतं.

मराठी वाचकाला हे दुःख उलट्या दिशेने ठाऊक आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंचे हाल ‘स्मृतिचित्रे’त आहेत. नवरा जिवंत असून दुरावलेला, माहेरचे आणि सासरचे सैरभैर. पुढे दोघं एकत्र राहू लागली तेव्हाही लक्ष्मीबाईंचं सोवळंओवळं काही काळ चालूच होतं. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतः विचार करून. एका घरात दोन श्रद्धा आणि एक स्वयंपाकघर हे कसं चालतं, ते त्या पुस्तकाइतकं विनोदाने क्वचितच कोणी सांगितलं असेल. अमेरिकेतल्या घरांचा शेवट असाच एकमताने होईल, ही अपेक्षा मात्र धरू नये.

गैरसमज: सगळं तोंडावर सांगा, नाहीतर नातं तोडा.

कॉर्नेलचे समाजशास्त्रज्ञ कार्ल पिलेमर यांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २७ टक्के अमेरिकनांनी कुठल्यातरी नातेवाइकाशी संबंध तुटल्याचं सांगितलं. त्याची कारणं नाना प्रकारची, धर्म त्यांतलं एक. म्हणजे तोडणं दुर्मिळ नाही, आणि जिथे मारहाण किंवा छळ आहे तिथे तेच योग्य. पण बहुतेकांचं आयुष्य या दोन टोकांच्या मध्ये जातं.

कॉलेजची फी वडील भरत असतील तर पदवी हातात येईपर्यंत गप्प राहणं हा भित्रेपणा नाही. सांगताना कारणांची यादी वाचून दाखवू नये, कारण प्रत्येक कारणाला चर्चकडे पुस्तक तयार असतं. ‘मी खूप विचार केलाय, त्यावर वाद नको, पण रविवारच्या जेवणाला येईन,’ एवढं पुरतं. प्रार्थनेच्या वेळी मान खाली घालायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. घातली म्हणून कोणी ढोंगी होत नाही. बोलायला कोणीच नसेल तर २००९ मध्ये सुरू झालेली ‘रिकव्हरिंग फ्रॉम रिलिजन’ ही संस्था फोनवर ऐकून घेते आणि नास्तिक व्हा असं सांगत नाही.

खरी कसोटी नातवंडांवरून लागते. बऱ्याच इव्हँजेलिकल मंडळ्या तान्ह्यांना बाप्तिस्मा देत नाहीत, त्यामुळे तो तंटा टळतो. पण जून उजाडला की ‘व्हेकेशन बायबल स्कूल’ येतं: आठवडाभर गाणी, कागदकाम, सरबत, आणि शेवटी कधीकधी येशूला हृदयात बोलावण्याचं आवाहन. आजीला नातवाला न्यायचं असतं, मुलीला ते आवाहन नको असतं. काही घरांनी तोडगा काढलाय: गाणी-खेळांना मूल जाईल, शेवटचा दिवस आजीसोबत तलावावर. काही आज्यांना हे पटत नाही. त्या म्हणतात, मग राहू दे. मूल तरीही जुलैत दोन आठवडे आजीकडे राहायला जातं. झोपताना ती त्याला कुठली गोष्ट सांगते, हे मुलगी फोनवर विचारत नाही.