किक मारून दमले बाबा!

डिसेंबरातली पहाट. नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, कुरखेडा अशा आपल्या धानाच्या पट्ट्यात बांध्यांवर धुकं पसरलेलं असतं. अंगणात शेकोटी पेटलेली असते, आणि कुणाचे तरी बाबा मोटारसायकलला किकवर किक मारत असतात. शेवटी वैतागून म्हणतात, "अरे, गाडी सुरूच नाही होऊन राहिली!"

गंमत म्हणजे तीच गाडी दुपारी एका किकमध्ये सुरू होते. ना कुणी दुरुस्त केली, ना काही बदललं. मग सकाळी तिला झालं तरी काय होतं?

आपलं चंद्रपूर उन्हासाठी प्रसिद्ध आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पण हिवाळ्यातल्या काही पहाटे तोच पारा १० अंशांच्या खाली येतो. म्हणजे एकाच गाडीला वर्षभरात ३५ अंशांचा फरक सोसावा लागतो. बर्फ काही आपल्याकडे पडत नाही. फार तर गारपीट होते. तरी बर्फाळ मुलखात गाड्यांना जो त्रास होतो, त्याचा छोटा नमुना आपल्या अंगणातही दिसतो.

पेट्रोल जळतं की वाफ?

आधी एक कोडं. इंजिनात काय जळतं? पेट्रोल? नाही! जळते ती पेट्रोलची वाफ. ही वाफ हवेत नीट मिसळली, तिच्यावर स्पार्क प्लगची ठिणगी पडली, की छोटासा भडका उडतो आणि पिस्टन ढकलला जातो.

थंडीत पेट्रोलची वाफ कमी होते. थंडगार इंजिनात बरंचसं पेट्रोल थेंबांच्या रूपातच राहतं. ठिणगी पडते, पण पेटायला पुरेशी वाफच नसते. म्हणून जुन्या मोटारसायकलींना चोक असतो. चोक ओढला की आत जाणारी हवा कमी होते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं. पेट्रोल जास्त, म्हणजे वाफही थोडी जास्त. पण इंजिन तापल्यावरही चोक ओढलेलाच राहिला, तर प्लग पेट्रोलनं भिजतो आणि गाडी पुन्हा बंद!

१ एप्रिल २०२० पासून देशभर गाड्यांच्या धुरातलं प्रदूषण कमी करणारे बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत चोक दिसत नाही. इंजिन किती थंड आहे हे सेन्सर मोजतो आणि किती पेट्रोल सोडायचं ते छोटा संगणक ठरवतो.

डिझेलच्या ट्रॅक्टरची तऱ्हा वेगळी. त्याला ठिणगी लागतच नाही. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती आपोआप तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते पेटतं. पण सगळं लोखंड गार असेल, तर हवेची उष्णता तेच खाऊन टाकतं. म्हणून अनेक डिझेल गाड्यांत हीटर प्लग असतो. तो आधी आतली जागा तापवतो.

बॅटरी मंद, तेल घट्ट

कारच्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेलं गंधकाम्ल असतं. त्यांच्यातल्या रासायनिक क्रियेतून वीज मिळते. थंडीत ही क्रिया मंदावते. पारा शून्यावर आला की बॅटरीची साधारण एक तृतीयांश ताकद कमी होते.

नेमक्या त्याच वेळी इंजिनातलं तेल घट्ट झालेलं असतं. घट्ट तेलातून इंजिन फिरवायचं म्हणजे जोर जास्त लागतो. म्हणजे बघा, बॅटरीची शक्ती घटली आणि काम मात्र वाढलं! जुनी, थकलेली बॅटरी अशाच सकाळी हात टेकते. मग शेजारपाजारचे चार जण येऊन धक्का मारतात.

पंक्चर नाही, तरी हवा कमी

हवा थंड झाली की तिचा दाब उतरतो. समजा, दुपारी ३० अंश तापमानाला टायरमध्ये ३० पीएसआय हवा भरली. पहाटे तापमान १० अंशांवर आलं, तर तोच टायर साधारण २७ पीएसआय दाखवेल. हवा कुठेही पळाली नाही. तिचे कण हळू धावू लागले, टायरच्या भिंतीवर हळू आदळू लागले, एवढंच. म्हणून हवेचा दाब गाडी चालवण्याआधी, टायर थंड असतानाच तपासायचा असतो.

गाडीला घाम कसा फुटला?

ताडोब्याला पहाटेच्या सफारीला गेलात तर उघड्या जिप्सीत तुम्ही ब्लँकेटमध्ये गुरफटून बसाल. वारा लागला की आपल्याला जास्त थंडी वाजते, कारण तो आपल्या अंगाची ऊब पळवतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला मात्र पळवून न्यावी अशी ऊबच नसते. वारा कितीही सुटला तरी तो गाडीला हवेपेक्षा थंड करू शकत नाही.

पण निरभ्र आकाश करू शकतं! रात्री गाडीचं छत आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतं. त्यामुळे पत्रा आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर दव होऊन बसते. झाडाखाली उभी केलेली गाडी मात्र बऱ्याचदा कोरडी असते. झाडाचा पसारा आकाश झाकतो आणि स्वतःची थोडी ऊब गाडीकडे पाठवतो.

बंद गाडीच्या काचेला आतून बाष्प धरतं ते आपल्याच श्वासातलं. काच किंचित उघडली की ते उतरतं. धुक्यात मोठा हेडलाइट लावला तर प्रकाश धुक्याच्या थेंबांवरून उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो. जंगलातल्या रस्त्यावर समोर चितळांचा कळप असू शकतो, म्हणून दिवा खाली आणि वेग कमी!

आणि खरंच बर्फ पडला तर?

आता लडाखला जाऊ. तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली २० अंशांच्याही पलीकडे जातो. डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात. हिवाळ्यात आपल्या खोबरेल तेलाची बाटली जशी गोठते, तसे ते घटक थिजतात आणि फिल्टर तुंबतो. टाकीत डिझेल आहे, पण इंजिनापर्यंत पोचत नाही! ट्रकवाले मग टाकीखाली जाळ करायचे. हा फार धोक्याचा उद्योग. यावर उपाय म्हणून नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं. पानिपतच्या रिफायनरीत तयार झालेलं हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं.

दुसरं संकट रेडिएटरमधल्या पाण्याचं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि त्या रेट्यानं इंजिनाचं लोखंडसुद्धा तडकतं. म्हणून पाण्यात ग्लायकॉल असलेलं कूलंट मिसळतात. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असलं की ते मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासही गोठत नाही. आणि ते उकळतंही १०० अंशांच्या वर. म्हणजे लेहच्या जानेवारीत कामी येणारं कूलंट चंद्रपूरच्या मे महिन्यातही उपयोगी!

घरच्यांना एक गोष्ट मात्र बजावून सांगा. गाडी तापवायची म्हणून बंद शेडमध्ये इंजिन सुरू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण तो जीव घेऊ शकतो.

करून पाहा

प्लॅस्टिकची रिकामी बाटली कोमट पाण्यानं विसळा, पाणी ओता आणि लगेच टोपण घट्ट लावा. आता ती माठातून काढलेल्या गार पाण्यात बुडवा. बाटली आपोआप चेपेल. टायरमधल्या हवेचंही असंच होतं.

आता एक गणित. तापमान ६ अंशांनी वाढलं की टायरचा दाब साधारण १ पीएसआयनं वाढतो. १० अंशांच्या पहाटे ३० पीएसआय भरलेला टायर ४५ अंशांच्या दुपारी किती दाखवेल? उत्तर ३५-३६ च्या आसपास आलं, तर शाबास!